पी०१७१ आला म्हणून सेन्सर बदलायचा का?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

या वेळची बरीच पत्रे एकाच जातीची आहेत. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने हवेशी संबंधित कोड दाखवला आणि गॅरेजमध्ये एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदलायला सांगितले. म्हणून हा अंक हवेलाच दिला आहे. सेन्सर बिघडतो, नाही असे नाही. पण तो बदलण्याआधी स्कॅनरवरचे दोन-तीन आकडे पाहिले तर बहुतेक वेळा दोष दुसरीकडे सापडतो, आणि तोही शंभर-दोनशे रुपयांच्या रबरात.

प्रश्न : माझी १.५ लिटर पेट्रोल सेडान ७८ हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की आयडल ६०० ते ११०० आरपीएममध्ये वरखाली होते, पाच-सात मिनिटांनी बरे होते. हायवेला काहीच त्रास नाही. कोड पी०१७१. ब्लूटूथचे ओबीडी यंत्र लावून मी आकडे पाहिले. इंजिन गरम, एसी बंद, आयडलला शॉर्ट टर्म ट्रिम +९, लाँग टर्म +२१, एअरफ्लो सेकंदाला २.२ ग्रॅम. २५०० आरपीएमला दोन्ही ट्रिम मिळून +८ आणि एअरफ्लो ८.५ ग्रॅम. सेन्सर मागवू का?
— वाचक, नाशिक

उत्तर : मागवू नका. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच; का, याचे उत्तर तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच आहे.

इंजिनचा कॉम्प्युटर एअरफ्लो सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर नंतर तपासतो की मिश्रण खरेच तसे जळले का. पेट्रोल कमी पडले असेल तर कॉम्प्युटर ते वाढवतो, आणि ही वाढ म्हणजेच ट्रिम: त्या क्षणाची शॉर्ट टर्म, शिकून ठेवलेली लाँग टर्म. निरोगी गाडीत दोन्ही ट्रिमची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत खेळते; १० पर्यंत चालवून घेतात. तुमच्याकडे आयडलला ती +३० आहे. म्हणजे सेन्सरला न कळलेली हवा आत येते आहे.

किती? २.२ चे ३० टक्के, म्हणजे सेकंदाला साधारण ०.६६ ग्रॅम. आता हेच ०.६६ ग्रॅम ८.५ ने भागून पाहा. ७.८ टक्के येतात. तुमचा २५०० आरपीएमचा ट्रिम +८ आहे. हिशेब इतका जुळतो याचे कारण असे की, थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे मनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांतला, दाब बाहेरच्या निम्म्याहून खाली असतो तोवर एखाद्या भेगेतून येणारी हवा जवळजवळ तेवढीच राहते. आयडलला ती एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, रेस वाढवली की तोच हिस्सा किरकोळ होतो. हायवेला गाडी ठीक वाटते ती यामुळे.

सेन्सर मळलेला असता तर चित्र उलटे दिसले असते. सेन्सरच्या आतल्या तारेवर धूळ किंवा तेल बसले की हवा जितकी जास्त, तितकी तो ती जास्त कमी मोजतो. आयडलला ट्रिम +३-४ आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना +१५-२० असे आकडे आले असते, आणि पिकअप मेल्याची तक्रार तुम्ही आधी केली असती.

आणखी एक खूण. १.५ लिटर इंजिनने गरम असताना, एसी बंद ठेवून, आयडलला साधारण अडीच ते तीन ग्रॅम हवा घ्यायला हवी. तुमची २.२ दिसते. उरलेली चोरवाटेने येते आहे, आणि आयडल वर जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरने थ्रॉटल तेवढा मिटून घेतला आहे.

शोध कुठे घ्यायचा? थंड इंजिनला त्रास जास्त, गरम झाल्यावर कमी, यावरून आमचा पहिला संशय इनटेक मनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगवर. ६०-७० हजारांनंतर हे रबर चपटे आणि कडक होते. थंडीत फट राहते, हेड तापले की फट थोडी मिटते. तरी मनिफोल्ड खोलण्याआधी सोप्या गोष्टी वगळून घ्या, कारण त्यांना पाना लागत नाही.

इंजिन आयडलला ठेवा, मोबाइलवर शॉर्ट टर्म ट्रिम उघडा आणि एकेक व्हॅक्यूम होज पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून हलके दाबा. (होजला चिमटा घेण्याची प्लॅस्टिकची क्लॅम्प मिळते, ती जास्त चांगली. जुने, कडक झालेले होज मात्र दाबू नका, तिथेच तडकतील.) ज्या होजला दाबल्यावर काही सेकंदांत ट्रिम दहा-पंधराने खाली येतो, त्याच्या पलीकडे दोष आहे. क्रम असा ठेवा:

पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ मनिफोल्डमध्ये नेणारा) होज आधी. तेलाच्या वाफेने तो आतून मऊ पडतो आणि वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे फाटतो. हात फिरवून बघा.

मग पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोलच्या टाकीची वाफ इंजिनमध्ये सोडणारा हा व्हॉल्व्ह थंड इंजिनच्या आयडलला बंद असतो. कॅनिस्टरकडून (ही वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा होज व्हॉल्व्हवरून काढा आणि मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढले गेले तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. टाकी भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नसेल तर हा संशय आणखी बळकट.

ब्रेक बूस्टरचा होज. पेडल दाबून धरल्यावर आयडल बदलत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. मग हा ट्रिमचा नव्हे, ब्रेकचा प्रश्न आहे. गाडी तिथेच उभी करा.

तेलाचे झाकण आणि डिपस्टिकची रिंग. पाच सेकंदांचे काम, पण बरेच जण विसरतात.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा रबरी पाइपही वाकवून घड्यांच्या तळाशी चीर आहे का पाहा. मात्र तुमच्या आकड्यांवरून तो दोषी वाटत नाही. थ्रॉटलच्या अलीकडे आयडलला ओढ जवळजवळ नसते. तिथली चीर गिअर टाकल्यावर, इंजिन कलते तेव्हा त्रास देते.

हे सगळे स्वच्छ निघाले तर मनिफोल्ड. सकाळी थंड इंजिनवर, हातपंपाच्या बाटलीने मनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, एका वेळी एका सिलिंडरपाशी. इग्निशन कॉइल आणि कनेक्टर सांभाळा. फट असेल तर पाणी क्षणभर ती बंद करते, आयडल सावरते आणि ‘सुर्र’ असा आवाज येतो. पुष्कळ ठिकाणी यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो, आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. आम्ही तो सुचवत नाही. गॅरेजमध्ये स्मोक मशीन असेल तर सर्वांत उत्तम. अर्धा ते एक पीएसआय दाबाने धूर सोडला की फट स्वतःच दिसते.

पॅकिंग बदलताना चारही इंजेक्टरच्या ओ-रिंगा त्याच वेळी बदला, बसवताना त्यांना इंजिन ऑइलचा एक थेंब लावा. मनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, दोन फेऱ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच कसा. प्लॅस्टिक मनिफोल्ड हाताच्या जोरावर कसला की कडा वाकते आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा पत्र लिहिता. शेवटी कोड पुसा. त्यासोबत शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. शहर आणि हायवे मिळून ४०-५० किलोमीटर चालवा आणि आयडलचा ट्रिम पुन्हा बघा.

प्रश्न : १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला गेल्या वर्षी बाहेरून सिक्वेन्शिअल सीएनजी किट बसवले. आता आयडल ११०० च्या खाली येत नाही, पेट्रोलवरही आणि गॅसवरही. थ्रॉटल बॉडी दोनदा साफ झाली. ट्रिम पाहिला तर +२, +३. म्हणजे हवेची गळती नाही ना? किटवाल्याने साबणाचे पाणी लावून बघितले, बुडबुडे आले नाहीत.
— वाचक, पुणे

उत्तर : गळतीच असण्याची शक्यता जास्त आहे. वरच्या उत्तरातला नियम तुमच्या गाडीला लागू होत नाही, कारण तिच्यात एअरफ्लो सेन्सर नसावा. या आकाराच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत मॅप सेन्सर असतो. तो मनिफोल्डमधला दाब मोजतो आणि कॉम्प्युटर दाब, आरपीएम आणि तापमान यांवरून हवेचा अंदाज बांधतो. चोरवाटेने आलेली हवाही मनिफोल्डमध्येच येते, दाब वाढवते आणि हिशेबात धरली जाते. तिच्या वाट्याचे पेट्रोलही मिळते. त्यामुळे ट्रिम बिघडत नाही, पी०१७१ येत नाही. आयडल तेवढे वर जाऊन बसते. फार तर पी०५०७ (आयडल अपेक्षेपेक्षा जास्त) येतो.

आधी सेन्सरची परीक्षा. चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅपचा आकडा वाचा. तो त्या गावातल्या हवेचा दाब असायला हवा. मुंबईत सुमारे १००-१०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात १०१ किंवा ८५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग पाहा. आकडा बरोबर असेल तर इंजिन गरम करा. एसी बंद असताना आयडलला २८ ते ३५ दिसायला हवेत. मग थ्रॉटलचा आकडा बघा. थ्रॉटल पूर्ण मिटलेला, इग्निशन टायमिंग नेहमीपेक्षा मागे ओढलेले आणि तरी आरपीएम ११००, असे दिसले तर कॉम्प्युटर आयडल खाली आणायचा सगळा प्रयत्न करतो आहे आणि हवा दुसरीकडून येते आहे.

किट बसवताना मनिफोल्डला चार भोके पाडून त्यांत पितळी नोझल बसवलेली असतात, आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) व गॅसच्या मॅप सेन्सरसाठी एका मूळ व्हॅक्यूम पाइपमध्ये ‘टी’ जोडलेला असतो. हे पाचही सांधे आधी बघा. प्लॅस्टिक मनिफोल्डमधले आटे वर्षभराच्या थरथरीने ढिले होतात. ‘टी’वरचा पातळ होज उष्णतेने ताठ होऊन तोंडाशी चिरतो.

साबणाचे पाणी इथे निरुपयोगी आहे. ते दाबाखाली बाहेर येणाऱ्या गॅससाठी. इथे हवा आत ओढली जाते, बुडबुडे येणार कुठून? नोझलच्या आट्यांवर वर सांगितल्याप्रमाणे साध्या पाण्याचा फवारा मारा आणि आरपीएमचा आकडा बघत राहा. नोझल पुन्हा बसवायचे असेल तर गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, लाइनमधला गॅस जाळून, पेट्रोलवर आणल्यावरच, आणि अधिकृत किटवाल्याकडूनच. आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे आत जातात. पेट्रोलला टिकणारे सीलंट वापरायला सांगा. रिड्यूसरच्या अलीकडच्या, २०० बार दाबाच्या बाजूला स्वतः हात लावू नका.

थ्रॉटल दोनदा साफ झाला आहेच, तर एक विचारून घ्या: साफ केल्यावर स्कॅनरने आयडल रीलर्न (कॉम्प्युटरला थ्रॉटलची स्थिती पुन्हा शिकवणे) केले होते का? बऱ्याच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलना ते लागते. चावी चालू असताना पाकळी बोटाने ढकलून साफ केली असेल तर गिअरही दुखावलेले असू शकतात.

प्रश्न : १२४८ सीसी डिझेल, १ लाख ४० हजार किलोमीटर. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही, मागे काळा धूर येतो. कोड पी०१०१. सेन्सर नवा टाकला, दोन दिवसांत तोच कोड. एका ठिकाणी ईजीआर बंद करून टाका म्हणाले. करू का?
— वाचक, चिपळूण

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी. नाही. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) हा प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे, तो निकामी करणे कायद्यात बसत नाही. शिवाय मूळ दोष त्याने झाकला जातो. अडकला असेल तर खोलून काजळी काढा.

पी०१०१ म्हणजे ‘मोजलेली हवा आणि अपेक्षित हवा जुळत नाही’. चूक मोजणाऱ्याची की हवेची, हे कोड सांगत नाही. डिझेलमध्ये ते धूर सांगतो. सेन्सर कमी मोजत असेल तर कॉम्प्युटर डिझेलही कमी सोडतो: गाडी मरगळते, पण धूर होत नाही. तुमच्याकडे ओढ नाही आणि काळा धूरही आहे. म्हणजे मोजून झालेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, किंवा तिची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे.

पहिली शक्यता टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मनिफोल्डपर्यंतचे होज. सेन्सरसमोरून गेलेली हवा वाटेतच बाहेर फेकली जाते. या पाइपांत तेलाची वाफ थोडी असतेच, त्यामुळे फटीपाशी बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. इंटरकूलरच्या खालचा होज, क्लिपची जागा आणि जिथे होज दुसऱ्या भागाला घासतो ती जागा आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा. आयडलला ही चीर मिटलेली असते, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) आले की उघडते. शंका उरली तर गॅरेजमध्ये टर्बोच्या तोंडाला बूच लावून ०.७ ते १ बार हवा भरून घ्या, आणि इथे साबणाचे पाणी खुशाल वापरा. फक्त क्रँककेसच्या वाफेचा पाइप त्याआधी वेगळा करून त्याचे तोंड बंद करायला सांगा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उखडतो.

दुसरी शक्यता उघडा अडकलेला ईजीआर. याची परीक्षा आयडललाच होते. या इंजिनच्या एका सिलिंडरचे माप ३१२ सीसी, तेवढ्यात ३६० मिलिग्रॅमच्या आसपास हवा मावते. प्रत्यक्षात ईजीआर बंद असताना स्कॅनरवर एका स्ट्रोकला ३०० च्या जवळपास दिसतात. स्कॅनरने ईजीआर बंद करायची आज्ञा द्या. आकडा दोनशेच्या घरातच अडकून राहिला तर व्हॉल्व्ह मिटत नाही. सिलिंडरमध्ये ताज्या हवेऐवजी धूर भरतो आहे.

तिसरी म्हणजे अडथळा: बुजलेला फिल्टर, किंवा फिल्टरच्या डब्यात उंदराने केलेले घरटे. यात हवा आणि बूस्ट दोन्ही कमी दिसतात. डबा उघडायला दोन मिनिटे लागतात, म्हणून क्रमाने शेवटची असली तरी हीच आधी बघा.

चाचणी घेताना मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० ते ३५०० आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, अपेक्षित व प्रत्यक्ष बूस्ट आणि अपेक्षित व प्रत्यक्ष हवा हे चार आकडे नोंदवा. स्कॅनर शेजारच्या माणसाच्या हातात द्या.

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून पेट्रोल गाडीत पी०१०२ येतो-जातो. आला की गाडी झटके देते. सेन्सर बदलू का साफ करू?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : दोन्ही आधी नको. पी०१०२ म्हणजे सेन्सरचा सिग्नल जवळपास नाहीसाच झाला आहे, आणि पावसात येणारा-जाणारा दोष बहुतेक कनेक्टरचा असतो. स्कॅनरवर इनटेक एअर टेंपरेचर बघा. बऱ्याच गाड्यांत ते याच सेन्सरमध्ये असते. झटका येतो त्याच क्षणी तापमान उणे ४० दाखवत असेल तर कनेक्टरच सुटतो आहे. कोकणात उणे ४० दुसऱ्या कशाने होणार?

चावी बंद करून कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट थर, मागे सरकलेली पिन, कडेचे फाटलेले रबर शोधा. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा. मग मल्टिमीटर: सप्लायच्या तारेवर बॅटरीइतका व्होल्टेज, इंजिन चालू असताना सेन्सरचे ग्राउंड आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक. सप्लाय नसेल तर फ्यूज. कोणती तार कशाची, हे गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरूनच ठरवा. सेन्सर व्होल्टेजऐवजी फ्रीक्वेन्सीने सिग्नल देणारा असेल तर सिग्नलच्या तारेवरचा व्होल्टेज वाचून काही कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : एअरफ्लो सेन्सर पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुतला तर चालतो का?
— वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. दोन्ही मागे थर ठेवतात आणि कार्ब क्लीनर प्लॅस्टिकही खातो. एमएएफ (म्हणजे हाच एअरफ्लो सेन्सर) क्लीनर नावाचा स्प्रे वेगळा मिळतो. इंजिन थंड करा, चावी बंद, कनेक्टर काढा, दोन स्क्रू सोडून सेन्सर बाहेर घ्या. (स्क्रू बऱ्याचदा टॉर्क्स असतात, साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजवू नका.) चार-पाच इंचांवरून दहा-पंधरा फवारे मारा. तारेला कापूस, ब्रश, बोट काहीही लावायचे नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. अर्धा तास आपोआप वाळू द्या, मगच जोडा. बसवताना बाणाची दिशा इंजिनकडे.

धुतल्याने फरक पडला आणि महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार आली, तर तेल कुठून येते ते शोधा. धुऊन वापरायचे तेल लावलेले कापडी फिल्टर हे नेहमीचे कारण. तेल जास्त लागले की ते थेट तारेवर जाऊन बसते.

प्रश्न : दर सर्व्हिसिंगला एअर फिल्टर कॉम्प्रेसरने झटकून पुन्हा बसवतात. योग्य आहे का?
— वाचक, लातूर

उत्तर : एकदा-दोनदा, कमी दाबाने आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हवा मारली तर चालते. टायर भरायच्या दाबाने, तोही जवळून मारला की कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात आणि नंतर धूळ सेन्सरवर व सिलिंडरमध्ये जाते. फिल्टर उन्हात धरून बघा. प्रकाशाचे टिपके दिसले तर टाकून द्या. कडेचे रबर डब्यात नीट बसले आहे का आणि डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या आहेत का, हे गाडी ताब्यात घेताना स्वतः उघडून पाहा. फिल्टर नवा आणि एक क्लिप उघडी, अशा गाड्या आम्हाला कोऱ्या फिल्टरवाल्या धुळकट सेन्सरांसकट नेहमी भेटतात.